तोंडातले मास्तर

मी सातवीत शाळा सोडली, पण शाळेने मला सोडलं नाही. आमचे मराठीचे मास्तर माझ्या तोंडात मुक्कामाला आले आणि कोकणापासून नागपूरपर्यंत बिनतिकिटाचे आले. एसटीत बसले, रेल्वेत बसले, दुसऱ्या रेल्वेत बसले आणि अजनीला माझ्याबरोबर उतरले. मी तोंड उघडलं की माझ्याआधी ते उठून उभे राहायचे. वाक्य माझं, पण त्यांची सही झाल्याशिवाय बाहेर जायचं नाही. आणि सही द्यायला त्यांना इतका वेळ लागायचा, की तोवर समोरचा माणूस उठून गेलेला असायचा.

खरे मास्तर गावीच राहिले. पुढच्या वर्षी ते मला विसरलेही असतील. पण वर्गात त्यांनी जे काम केलं ते पक्कं केलं. आमच्या घरी मालवणी. भूक लागली की "माका भूक लागली" म्हणायचं आणि आई वाढायची. शाळेत "माका पाणी होया" म्हटलं की छडी. मास्तर म्हणायचे, "माका नव्हे, मला. होया नव्हे, हवं. माकडासारखं बोलू नकोस." वर्ग हसायचा. हसणारी पोरं संध्याकाळी आपापल्या घरी जाऊन बिनदिक्कत "माका" म्हणायची आणि पोटभर जेवायची. मी एकटा असा शहाणा निघालो, की शाळेतलं घरीही आणलं. एकदा आईला म्हणालो, "मला भात हवा." तिने कपाळाला हात लावून पाहिला. "ताप इलो काय रे तुका?"

मराठीत मी वर्गात पहिला होतो, हे इथेच सांगून टाकतो. दुसरं सांगण्यासारखं माझ्यापाशी काही नव्हतं. वडील अंथरुणाला खिळले, घरात मिळवता हात राहिला नाही आणि शाळा संपली. पुढची काही वर्षं मिळेल ते केलं. मग मामा सुट्टीवर आला. तो नागपूरला रेल्वेत होता. म्हणाला, "ह्येका माझ्यावांगडा धाड. गांधीबागेत कपड्याच्या दुकानात चिकटवतंय." आईने अख्ख्या वाडीला सांगितलं, की आपला मुलगा नागपूरला दुकानात बसणार. उभा राहणार, गठ्ठे उचलणार, असं नाही सांगितलं तिने. बसणार.

बसणं म्हणजे काय हे मला गांधीबागेत गेल्यावर कळलं. दुकानात शिरल्या शिरल्या फूटभर उंच ओटा, त्यावर जाड गादी, गादीवर पांढरी शुभ्र चादर. गिऱ्हाईक एका बाजूला मांडी घालून बसायचं, विकणारा दुसऱ्या बाजूला. मध्ये पातळांचा आणि लुगड्यांचा ढीग वाढत जायचा. विकणारा तो गादीवरचा माणूस. बाकीचे आम्ही खाली, चपला घालून, माडीवरून गठ्ठे आणणारे आणि उलगडलेल्या लुगड्यांच्या घड्या घालणारे. गादीवर चढायचं तर चपला काढाव्या लागायच्या. त्या वयात मला जगात एकच गोष्ट हवी होती. त्या ओट्याखाली माझ्या चपला काढून ठेवायच्या होत्या.

गादीवर एक काका होते. उमरेडच्या विणकर घरातले. घरचे माग बंद पडले म्हणून ते मिलची लुगडी विकायला शहरात आले होते, आणि या गोष्टीचं त्यांना दुःख असलंच तर ते त्यांनी कधी गादीवर आणलं नाही. बाई दारात दिसली, की ते बसल्या जागेवरून हाक मारायचे.

"या वं मावशे! काहून उभी? उन्हात उभं राहून कोन्याले लुगडं भेटलं?"

"तुह्या गादीवर बसलं का उठू देत नाई तू," मावशी म्हणायची आणि बसायची.

"उठजो ना. पिवयं नेसून उठजो."

पिवयं! पिवळं नाही, पिवयं. या माणसाच्या तोंडात ना ळ होता, ना ण. पाण्याला पानी, काळ्याला काया, मला-तुलाला मले-तुले. मी खाली घडी घालत ऐकायचो आणि माझ्या तोंडातले मास्तर छडी आपटायचे. मनात यायचं, हा माणूस मराठीच्या पेपरात काठावरसुद्धा पास झाला नसता. आणि बायका होत्या की त्याच्यासमोरून हलत नव्हत्या.

शेठजींचे आजोबा राजस्थानातून आलेले. शेठ घरी मारवाडी बोलायचे, व्यापाऱ्यांशी हिंदी, आणि आमच्याशी नागपुरी. तीनही भाषा एकाच वाक्यात घालायलाही त्यांना काही वाटायचं नाही. त्यांच्या तोंडात कोणी मास्तर नव्हते, हे उघड होतं. होते ते दात, आणि त्यांत पान.

आता ती गोष्ट सांगतो, जिच्यामुळे माझं नाव बदललं.

दुकानात लागून थोडेच दिवस झाले होते. काका जेवायला गेलेले. शेठ मालधक्क्यावर निघाले. जाता जाता दारातून म्हणाले, "लगनाच्या शालूवाल्या बाया येतील. त्यायले सांगजो, माल येऊन राहिला."

मी मान डोलावली. वाक्य सोपं होतं. माल आला आणि राहिला. आपल्याकडे पाहुणा येऊन राहतो, तसा. मला त्यात एवढंच खटकलं, की मालाबद्दल कोणी असं बोलतं का. पण म्हटलं, इथली रीत असेल.

बाया आल्या. नवरीची आई, दोन आत्या, एक म्हातारी. पहाटेच्या गाडीने खेड्यातून आलेल्या. मी पहिल्यांदाच दुकानात एकटा होतो. मास्तरांनी सही केली आणि मी खणखणीत आवाजात म्हणालो, "आपण मागवलेला माल आलेला आहे. कृपया बसून घ्यावं."

त्या बसल्या. मी पाणी दिलं. माडीवर गेलो. एक गठ्ठा सोडला, दुसरा सोडला. शालू नव्हते. माल आला होता, शेठ स्वतः म्हणाले होते, मग गेला कुठे? चोरीला गेला? माझ्या हातून गेला? मी सगळी माडी पालथी घातली. खाली आत्या म्हणत होती, "काय गा भाऊ, शालू आनून राहिला का इनून राहिला?" आणि मी वरून ओरडत होतो, "आणतो, आणतो, आलेला आहे!" माझी आई मनात दिसत होती आणि वाडीतल्या लोकांसमोर तिची मान खाली गेलेली होती. चोरीचा आळ आल्यावर कोकणात कोणत्या गाडीने परत जायचं, इथपर्यंत माझा विचार पोचला होता.

शेठ परतले तेव्हा बाया निघायच्या तयारीत होत्या.

"आला म्हणत होता तुमचा पोट्टा," म्हातारी म्हणाली. "इतका येळ आला-आला करून राहिला. कुठं आला?"

"कोन म्हणलं आला?" शेठ माझ्याकडे वळले. "मी काय सांगतलं तुले?"

"आपण म्हणालात, येऊन राहिला."

"मंग? येऊन राहिला म्हंजे येऊन राहिला! गाडीत हाय माल! संध्याकाळी पोचते!"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. नागपूरकडे "येऊन राहिला" म्हणजे "येतो आहे". माणूस जेवून राहिला म्हणजे त्याचं जेवण चालू आहे, झोपून राहिला म्हणजे झोपलेला आहे, आणि माल येऊन राहिला म्हणजे माल अजून वाटेत आहे. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. माझ्या व्याकरणाच्या पुस्तकात नागपूर नव्हतंच.

बाया समोरच्या दुकानात गेल्या. लग्नाची पूर्ण खरेदी गेली. काका जेवून आले, सगळं ऐकलं आणि गादीवर बसता बसता म्हणाले, "जाऊ द्या शेठजी. याले मराठी येत नाई बाप्पा."

मराठी येत नाही! मला! वर्गात पहिला! छडीच्या वळांनी शिकलेलं मराठी! मला वाटलं ओट्यावर चढून समास सोडवून दाखवावा.

त्या दिवसापासून दुकानात माझं नाव रेडिओ पडलं. "रेडिओ, तो गठ्ठा आन." "रेडिओ, बातम्या सांग." समोरच्या दुकानातले नोकरसुद्धा हाक मारायचे, "काय बे रेडिओ, माल येऊन राहिला का?" आणि मग एकमेकांना टाळ्या द्यायचे. या लोकांना विनोद एकच यायचा आणि तो त्यांना पुरायचा.

तरी शेठ बरे. हाकललं नाही. मी त्यांचा आजही ऋणी आहे, कारण दुसऱ्या कोणी त्याच दिवशी मामाला बोलावून घेतलं असतं. ते एवढंच म्हणाले, "देख, मेहनती तू हायेस. पण गूंगा माणूस गादीवर काय कामाचा? लगनसराई येऊ दे. तवा तोंड उघडलं तं ठीक, नाई तं मामाले सांगतो, याले गावाकडं धाडा. इथं गठ्ठे उचलाले बैलं बहुत हायेत."

म्हणजे लगनसराईपर्यंत माझी मुदत होती.

आता कोणीही म्हणेल, वेड्या, मग शिक की मले-तुले, त्यात काय आहे? सांगणारे सोपं सांगतात. मी खरंच प्रयत्न करायचो. गिऱ्हाईक यायचं, मी मनात वाक्य जुळवायचो, "काय दाखवू वं मावशी," आणि ते जिभेपाशी आलं की मास्तर उठायचे. वं? कोणाला वं म्हणतोस? परक्या बाईला अगं-तुगं? माकडा! मग मी घाईघाईने शेपूट बदलायचो आणि बाहेर यायचं, "आपणांस काय दाखवू?" बाई दचकायची. सरकारी माणूस आला की काय, अशा नजरेने बघायची आणि काकांकडे सरकायची. इकडे शुद्ध चालत नाही, तिकडे अशुद्ध बोलवत नाही, आणि घरची मालवणी तर सातवीपासून कुलपात. तीन भाषा असून मुका राहिलेला माणूस मी माझ्याशिवाय दुसरा पाहिला नाही.

मामाच्या क्वार्टरमध्येही हीच तऱ्हा. मामा-मामी मालवणी बोलायचे आणि मी त्यांना उत्तर द्यायचो शाळेचं. "मामी, मला आणखी आमटी नको." मामा मामीला म्हणायचा, "ह्यो बघ, पुण्याचो पावणो इलो." मामी मात्र वाढत राहायची. ती मला कधी हसली नाही. त्या माउलीच्या हातचं जेवून मी नागपुरात टिकलो.

शेजारच्या क्वार्टरमधल्या एका गृहस्थांना माझी कीव आली. ते म्हणाले, "बोलता येत नाही ना? सीताबर्डीला वर्ग आहे. वक्तृत्वाचा. आत्मविश्वासाचा." मामाने मला तिथे घातलं. मामाचे उपकार मोठे, पण त्या वर्गाबद्दल मी जे बोलणार आहे ते त्या उपकारांना धरून मोजू नका.

एका दुकानाच्या वरच्या खोलीत तो वर्ग भरायचा. शिकवणाऱ्या सरांचा कोट, टाय आणि आवाज असा, की त्यांना एरवीही समोर हजार माणसं दिसत असावीत. वर्गात आम्ही होतो मूठभर. दोन विमा एजंट, एक कारकून, एक होतकरू पुढारी आणि मी. सर फळ्यावर मोठा ण काढायचे आणि म्हणायचे, "हा तुमच्या यशाचा दरवाजा आहे." मग सगळे त्या दरवाजावर धडका मारायचे. "पानी नव्हे, पाणी! कोन नव्हे, कोण! काया नव्हे, काळा!" बिचारा कारकून ण म्हणताना असा घामाघूम व्हायचा, की त्याला पानीच द्यावं लागायचं.

माझी पाळी आली. मी म्हणालो, "पाणी. कोण. काळा." सरांनी मला पुढे बोलावलं, खांद्यावर हात ठेवला आणि वर्गाकडे वळवलं. "हा पाहा कोकणचा मुलगा. शिक्षण सातवी. पण ण पाहा, ण! पुन्हा म्हण." मी पुन्हा म्हणालो. जनावरांच्या प्रदर्शनात पहिल्या आलेल्या बैलाला कसं वाटत असेल, ते मला त्या दिवशी कळलं. फरक इतकाच, की बैल नंतर नांगराला तरी जुंपतात. माझ्या ण-वर एक लुगडं विकलं जात नव्हतं.

सरांचं मुख्य शिक्षण वेगळंच होतं. ते म्हणायचे, "तुमच्या आत एक शत्रू बसलेला आहे. भित्रा, आळशी, नकार देणारा. त्याच्याशी झुंज द्या! रोज सकाळी आरशासमोर उभे राहा. मुठी आवळा. दात आवळा. म्हणा, मी बोलणार! मी जिंकणार!" आता दात आवळून बोलायचं कसं, हे विचारायची हिंमत वर्गात कोणाला नव्हती. मी घरी जाऊन इमानेइतबारे आरशासमोर उभा राहिलो. मुठी आवळल्या. मामी मागून आली.

"आरशाक कित्याक मारतंस रे? त्येना काय केल्यान तुका?"

मी मुठी सोडल्या आणि आंघोळीला गेलो.

सरांचं म्हणणं मी कित्येक आठवडे पाळलं, आणि जितका जोर लावला तितकी जीभ आखडत गेली. शत्रूशी झुंज द्या म्हणे! मी झुंज द्यायला गेलो की मास्तर छडी परजून पुढे यायचे. त्यांना भांडणच हवं असायचं. भांडणात ते सातवीपासून जिंकत आलेले होते. सरांनी माझ्या एका मास्तरांवर दुसरे मास्तर आणून बसवले, एवढंच झालं. आता तोंडात दोघे. एक म्हणायचा चूक, दुसरा म्हणायचा जोरात.

माझी त्या वर्गावरची श्रद्धा उडाली ती मात्र सरांच्याच कृपेने. एके दिवशी ते "वाणीवर ताबा" या विषयावर बोलत होते. बोलता बोलता रुबाबात खुर्चीवरून उठले. खुर्चीला खिळा होता. विजार अडकली आणि टर्रकन आवाज आला. आमच्या यशाचा दरवाजा उघडणारे सर दोन्ही हात मागे नेऊन ओरडले, "अरे माय वं! फाटलं ना बे!"

ण नाही, ताबा नाही, काही नाही. आणि खरं सांगतो, इतक्या आठवड्यांत त्यांचं तेवढं एकच वाक्य मला आतून आलेलं वाटलं. कारकून खाली मान घालून हसला. विमा एजंट हसले. सर लगेच कोट मागे ओढून म्हणाले, "आज इथेच थांबू." मी त्यानंतर गेलो नाही. मामाला सांगितलं, वर्ग पूर्ण झाला.

लगनसराई आली. गांधीबागेत पाय ठेवायला जागा नाही. रिक्षा, टांगे, डोक्यावर गठ्ठे घेतलेली माणसं आणि वऱ्हाडं. एकेका लग्नाला दहा-दहा बायका. दहा जणींच्या दहा आवडी आणि अकरावी नवरीच्या सासूची. शेठ मागे घाऊक व्यापाऱ्यांत अडकलेले. काका सकाळपासून बोलत असायचे आणि ऐन गर्दीत, एका दुपारी, त्यांचा घसा बसला. असा बसला, की हाक मारायला तोंड उघडलं तर नुसती फुसफुस बाहेर आली.

शेठ धावत पुढे आले. एका बाजूला गादीवर ताटकळलेल्या बाया, दुसऱ्या बाजूला फुसफुसणारे काका. त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि दुसरं कोणी दिसेना म्हणून माझ्याकडे पाहिलं.

"चढ बे वर. काका कानात सांगतील. तू मोठ्यानं म्हण. सोताचं डोकं लावू नको. समजलं?"

मी चपला काढल्या. इतके दिवस ज्या क्षणाची वाट पाहिली तो असा आला. आनंद वगैरे काही झाला नाही. समोर पाच-सहा बाया होत्या. त्यांतली पुढारी एक जाडजूड काकू, मुलीचं लग्न काढलेली. तिने आल्यापासून दुकानातलं निम्मं कापड उलगडायला लावलं होतं आणि एकालाही हात लावला नव्हता.

काका माझ्या कानाला लागले. "म्हन, काहून वं माय, लाल नाई आवडलं का?"

मी घसा खाकरला. मास्तर उठले. मी म्हणालो, "का हो ताई, लाल रंग पसंत पडला नाही?"

काकांनी माझ्या मांडीला चिमटा काढला. "मी म्हनलो तसं म्हन, बह्याडा! म्हन, नवरीले लाल नाई तं काय पांढरं नेसवते?"

"वधूला लाल वस्त्र शोभून दिसेल," मी म्हणालो.

दुसरा चिमटा. पहिल्यापेक्षा जबर.

बाया आता लुगडी सोडून आमच्याकडेच बघायला लागल्या. एक म्हणाली, "हे काय वं? एक बुढा बोलते, दुसरा पोट्टा मंत्र म्हणते."

"लगन इथंच लावून राहिले काय हे?" दुसरी म्हणाली. सगळ्या खिदळल्या.

"नियं दाखव," काकू म्हणाली. मी निळं दाखवलं. "याच्यावर काठ नाई." काठाचं दाखवलं. "काठ रुंद हाय." अरुंद काठाचं दाखवलं. "हे तं माह्या सासूवानी दिसते." कानात काका फुसफुसत होते, मांडीला चिमटे बसत होते, मागे शेठ उभे होते, दारात पुढचं वऱ्हाड खोळंबलं होतं. मी सकाळपासून जेवलो नव्हतो. मास्तर आत ओरडत होते, सर ओरडत होते, काका कानात, शेठ पाठीवर. आणि काकूने ढिगातलं सगळ्यात पहिलं लाल लुगडं उचललं, उलटंसुलटं केलं, टाकलं आणि म्हणाली, "हे बी नाई."

माझ्या हातातलं निळं लुगडं गळून पडलं. मी दोन्ही हात कपाळाला लावले.

"गो बाये," मी म्हणालो, "तुका होया तरी काय!"

काकांची फुसफुस बंद झाली.

सातवीनंतर ती भाषा माझ्या तोंडून कोणी ऐकली नव्हती. मी छडीची वाट पाहत होतो. खरोखर पाहत होतो. डावा तळहात आपोआप थोडा वर आला होता.

छडी आली नाही. काकू माझ्याकडे टक लावून बघत होती.

"काय म्हणलं हा?" तिने बाजूच्या बाईला विचारलं.

"काय होया म्हणते."

"कोन्या गावचं हाय गा हे बोलनं?"

"कोकणातलं," मी म्हणालो. आवाज अगदी लहान झाला होता. "माझी आई असं बोलते."

"तुही माय? किती दूर हाय ते?"

"लय दूर. रेल्वेत बसून, मग एसटीत बसून."

"अन् तू इथं एकटा?"

"मामा हाय अजनीले," मी म्हणालो. आणि तेव्हा कोणीच उठलं नाही. मास्तर, सर, कोणीच नाही. मी "अजनीले" म्हणालो आणि आकाश जिथल्या तिथे होतं.

"माय वं," काकू म्हणाली. तिने हातातलं लुगडं मांडीवर ठेवलं. "मंग इतका येळ तहसीलदारावानी काहून बोलून राहिला होता? मले वाटलं, याले आमचा राग आला."

"राग नाही काकू. भ्याव."

"कोनाचं?"

आता काय सांगणार? मी म्हणालो, "मास्तरांचं." ती इतकी हसली, की तिच्या अंगठ्या-बांगड्यांसकट सगळी गादी हलली. "मेले असतील गा तुहे मास्तर आतापोतर! दाखव इकडं ते लाल. तुह्या मायले कोन्तं आवडलं असतं? ते दाखव."

यानंतर जे झालं त्याचं वर्णन मला करता येत नाही, आणि यात मी काही लपवत नाही. मला ते आठवतच नाही. सरांचं फळ्यावरचं भाषण मी आजही घडाघडा म्हणून दाखवीन. शालूच्या दिवशी मी काय बोललो, ते अर्धविरामासकट सांगीन. लाजेचा प्रत्येक शब्द मला पाठ आहे, कारण तेव्हा तो ऐकायला आत कोणीतरी वही-पेन्सिल घेऊन बसलेलं असायचं. त्या दुपारी बाकीचा वेळ ती जागा रिकामी होती. मी बोललो एवढं नक्की. खूप बोललो असेन, कारण संध्याकाळी माझाही घसा बसला होता. मालवणी किती, नागपुरी किती, शाळेचं किती, ठाऊक नाही. काकूने लाल घेतलं, निळं घेतलं, आणि सासूसाठीही एक घेतलं. दारातलं वऱ्हाड गादीवर आलं. काका भिंतीला टेकून काढा पीत होते आणि चिमटे काढायचे थांबले होते, हेसुद्धा मला नंतर मांडीवर हात फिरवल्यावर लक्षात आलं.

मुठी आवळा म्हणणारे आयुष्यात पुढेही पुष्कळ भेटले. मी त्यांना नमस्कार करतो आणि माझे हात खिशात ठेवतो. झुंज द्या, जिंका, शत्रूला चिरडा! अहो, तो शत्रू म्हणजे एक घाबरलेला पोरगा आहे. त्याला कोणीतरी विचारावं लागतं, की तुझी आई कुठे असते. तेवढं विचारणारं कोणी नाही भेटलं, तर मग खुशाल आरशाला मारत बसा.

दुकान बंद करताना शेठ गल्ला मोजत बसले. माझा जीव पुन्हा टांगणीला. मी ओट्याखालच्या चपला हळूच पायात घातल्या आणि खाली उभा राहून घड्या घालायला लागलो. वाटलं, काकांचा घसा उद्या बरा होईल, मग आपण पुन्हा खालीच. विचारायची सोय नव्हती. शेवटी मीच विचारलं.

"शेठजी, उद्या..."

"उद्या काय?"

"काका बोलायला लागले तर मी...?"

"तं काय? दुकानाले दोन तोंडं होतील. एकानं बोलावं, दुसऱ्यानं पानी प्यावं." पान थुंकायला ते दारापर्यंत गेले आणि तिथूनच म्हणाले, "काकाच्या उजव्या बाजूले बसजो. डाव्या कानानं त्यायले कमी ऐकू येते."

मी घाईघाईने मान डोलावत राहिलो. शेठ गेल्यावर काकांकडे गेलो. ते फेटा सारखा करत होते. मी विचारलं, "काका, मी दुपारी काय काय बोललो? मला आठवत नाही. काही चुकीचं तर नाही ना बोललो? वं म्हणालो का? कोणाला काही उलटं...?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. आवाज अजून फुटत नव्हता म्हणून त्यांनी मला जवळ ओढलं.

"जे बोलला ते बोलला," ते कानात म्हणाले. "लुगडं गेलं ना त्या बाईच्या घरी?"